कंबरेत वाकलेला त्रिकोण

बोईसरमध्ये चित्रालय नावाचा एक भाग आहे. नवख्या माणसाला वाटावं, इथे चित्रं बघायला मिळत असतील. प्रत्यक्षात भेटतात रिक्षा, दुकानांच्या पाट्या आणि तारापूरच्या कारखान्यांतल्या पाळ्या सांभाळणारी माणसं. चित्रं आहेत, पण ती चहूकडे विखुरलेली: शाळेच्या कुंपणभिंतीवर, सोसायटीच्या फाटकाशी, ढाब्याच्या दर्शनी बाजूला, एखाद्या कचेरीच्या जिन्यात. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल धरलेली, मधोमध तारपा वाजवणारा. पालघरपासून डहाणूपर्यंत कुठेही उतरा, हे चित्र स्वागताला हजर असतं.

या चित्रात काय दिसतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं, तर उत्तर ठरलेलं. आदिवासी नाचताहेत, मजेत आहेत. एवढं बोलून माणूस पुढे सरकतो. वारली चित्राला गेल्या पन्नास वर्षांत जगभर मान मिळाला, प्रदर्शनं मिळाली, पद्म पुरस्कार मिळाला. ते वाचणारे डोळे मात्र त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातच कमी पडताहेत.

‘वाचणं’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. चित्रातल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे ओळखायचं तर आपण सगळे आधी त्याच्या चेहऱ्याकडे जातो. डोळे, भुवया, ओठांची ठेवण. ही सवय आपल्याला राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी लावली, दिनदर्शिकांनी लावली, सिनेमाच्या पोस्टरांनी पक्की केली. सावळाराम हळदणकरांचं हातात समई धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र घ्या. १९४५-४६ च्या सुमारास काढलेलं हे चित्र ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि आजही कित्येक जण ते रविवर्म्याचंच समजतात. त्या चित्राचा सगळा जीव चेहऱ्यात आहे. ज्योतीवर आडवा धरलेला तळवा, बोटांतून गळणारा उजेड आणि त्या उजेडात उजळलेलं तोंड. हळदणकरांनी त्यासाठी आपल्या मुलीलाच, गीताला उभं केलं होतं. ते तोंड झाकलं तर मागे उरेल ती जांभळ्या साडीतली एक सुरेख आकृती.

आता वारली माणूस बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, वर एक गोल, बाजूंना काड्यांसारखे हातपाय. बाई असेल तर गोलामागे अंबाड्याचा ठिपका. डोळे, नाक, ओठ नाहीतच. चेहऱ्यावर वाढलेल्या नजरेला इथे धरायला काही सापडत नाही, म्हणून ती या माणसाला नक्षी समजते आणि चादरीच्या काठावर, कपावर, पाकिटावर नेऊन बसवते. कधी कुणी त्या गोलात दोन ठिपके आणि एक चंद्रकोर काढून त्याला हसवतोही. चित्र न वाचता आल्याची याहून ढळढळीत कबुली शोधून सापडणार नाही.

खरं तर मराठी माणसाला हे वाचता यायला हवं. त्याची भाषा चेहऱ्यापेक्षा अंगानं जास्त बोलते. माणूस खचतो तेव्हा त्याचे खांदे पडतात, हातपाय गळतात. निर्धार करतो तेव्हा तो कंबर कसतो. लाजतो तेव्हा अंग चोरतो, रागावतो तेव्हा पाठ फिरवतो, हरतो तेव्हा गुडघे टेकतो, जिंकतो तेव्हा त्याची मान ताठ होते. नकोशा घरी जाताना पाय जड होतात. यातल्या एकाही भावनेला डोळे किंवा ओठ लागत नाहीत. मान, खांदा, कंबर, गुडघा, पाऊल. वारली चित्रकाराकडे नेमका एवढाच माल आहे, आणि तो त्याला पुरतो.

सगळी गंमत कंबरेत आहे. दोन त्रिकोण जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे कंबर, आणि तोच या देहाचा एकमेव सांधा आहे जो लगेच डोळ्यांत भरतो. वरचा त्रिकोण सरळ ठेवला तर माणूस उभा. जरा पुढे कलला तर चालू लागला. आणखी कलला तर धावतोय किंवा ओझं वाहतोय. ते हातांच्या काड्या सांगतात. पार आडवा झाला तर भातलावणी. दोन माणसांचे वरचे त्रिकोण एकमेकांकडे झुकले तर कुजबुज, एकमेकांपासून दूर कलले तर भांडण किंवा ओढाताण. एका कोनात पाच अंशांचा फरक पडला की माणसाचं मन बदलतं. चेहरा रंगवणाऱ्याला भुवईच्या एका केसावर जे साधावं लागतं, ते वारली चित्रकार बांबूच्या काडीचं टोक जरा तिरकं टेकवून साधतो.

आपल्या जुन्या शास्त्रालाही हे ठाऊक होतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवायला शिकवा म्हणतो. ऋषी त्याला आधी चित्र शिक म्हणतात, चित्रासाठी आधी नृत्य, आणि नृत्यासाठी वाद्य आणि गाणं. हा क्रम पोथीतला. पण तो जसाच्या तसा जगलेली माणसं बघायची तर डहाणू-जव्हारकडच्या पाड्यांवर जावं लागतं. तिथे चित्र, नाच आणि तारपा या तीन वेगळ्या कला कधी नव्हत्याच.

तारप्याचा हंगाम असतो, हे भिंती रंगवणारे विसरतात. नवं भात तयार होऊ लागलं की वाळलेल्या दुधीचं आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य घुमू लागतं. लावणीच्या चिखलात माणसं गुंतलेली असतात तेव्हा ते गप्प असतं. म्हणजे तो आनंद खरा आहे, पण त्याला वेळ आहे, आधीच्या चार महिन्यांची कंबरमोड आहे. भिंतीवर आपण तोच एक क्षण बारमाही चिकटवून ठेवला आणि बाकीचं वर्ष पुसून टाकलं. शिवाय नाचाच्या त्या वेटोळ्याकडेही कुणी नीट बघत नाही. वाजवणारा वाद्याच्या भारानं पुढे झुकलेला असतो. नाचणाऱ्यांचे गुडघे दुमडलेले, हात एकमेकांच्या कमरेमागे असे गुंतलेले की कुठला हात कुणाचा ते सांगता येऊ नये. तिथे एकट्याचा आनंद दाखवायला जागाच नाही. नाचाची साखळी जे अनुभवते ते सगळ्यांचं मिळून एक असतं. चेहरे काढले असते तर प्रत्येक माणूस सुटा झाला असता.

अर्थात भिंतीवरचं मूळ वारली चित्र नाचाचं नव्हतंच. ते लग्नाचं होतं. कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, आणि त्या चौकात मधोमध पालघाट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नसे. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. म्हणजे या कलेतला मानवी आकार घडवला बायकांनी. पिढ्यान् पिढ्या, नाव न लिहिता, पुढच्या पावसात पुसून जाणार हे माहीत असताना. पुसून जायचं म्हणूनच या कलेचं वय छातीठोकपणे सांगता येत नाही. दहा हजार वर्षं, पाच हजार वर्षं असले आकडे माहितीपत्रकांत बेधडक छापले जातात. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांतल्या आकृत्यांशी साम्य दिसतं एवढं म्हणता येतं. साम्य म्हणजे जन्मदाखला नव्हे.

या लग्नाला दुसरी बाजू होती, आणि ती चित्र वाचताना डोळ्यांआड करता येत नाही. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात लग्नासाठी सावकाराकडून घेतलेलं कर्ज फेडता फेडता वारली जोडपं त्याच सावकाराकडे जन्मभर राबत असे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ हा शब्दच होता. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातल्या झरीला वारल्यांची परिषद भरली, वेठबिगारीला नकार द्यायचं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हा सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. हळदणकरांची समईवाली या लढ्याच्याच सुमाराची. एकीकडे उजळलेला चेहरा कागदावर उतरत होता, आणि काही तासांच्या रेल्वेप्रवासावर बिनचेहऱ्याची माणसं रंगवणारे लोक आधी माणूस म्हणून मोजले जावेत यासाठी झगडत होते. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढायला नको. पण शेतात वाकलेल्या वारली आकृतीला ‘निसर्गाशी एकरूप झालेला आदिवासी’ असं लेबल लावण्याआधी ते शेत कुणाचं होतं, हे तरी विचारावं.

पिठाचं चित्र कागदावर आलं ते गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात. पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं भास्कर कुलकर्णी हा मराठी चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर पोचला. त्याआधी त्यानं बिहारमध्ये मिथिलेच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. इथेही त्याला बायकाच भेटल्या. पण कागदावर खऱ्या अर्थानं रमला तो एक पुरुष, गंजाडच्या कलंबीपाड्यावर राहणारा जिव्या सोमा म्हसे. सात वर्षांचा असताना आई गेली, पोरगं बोलेनासं झालं आणि मातीत रेघा ओढून सांगू लागलं, ही त्यांची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. ती गोष्ट हळवेपणानं सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. तिचा चित्रांशी जोडलेला धागा कुणी ओढून बघत नाही. ज्या मुलाला आपलं दुःख शब्दात सांगता येत नव्हतं, त्यानं ते आकृतीच्या कलण्यात, अंतरात, गर्दीत सांगायची सवय लावून घेतली. म्हसे यांच्या चित्रांत आकृत्या कधी नुसत्या उभ्या नसतात. जगणं म्हणजे हालचाल, असं ते सांगत, आणि त्यांच्या कापडावर खरोखरच तसूभर जागा स्थिर नसते.

१९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या ‘माजिसिआं द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात ते होते. पुढे चालण्यातून कला घडवणारा ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग गंजाडला येऊन राहिला आणि दोघांचं काम ड्युसेलडॉर्फ आणि मिलानमध्ये शेजारी शेजारी मांडलं गेलं. २०११ साली पद्मश्री; १५ मे २०१८ रोजी निधन. एवढा पसारा झाला, तरी माणूस राहिला गंजाडलाच.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र आहे. हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. अख्खं कापड जाळ्यानं भरलेलं, हजारो बारीक रेघा, वाऱ्यानं फुगल्यासारखा तो पसारा. त्यात माणूस शोधावा लागतो. सापडतो तेव्हा इतका लहान असतो की मनात पहिला प्रश्न येतो, यानं जाळं टाकलंय की जाळ्यानं याला धरलंय? त्याच्या तोंडावर भीती नाही, आनंद नाही, तोंडच नाही. भाव सगळा प्रमाणात आहे, माणूस केवढा आणि जाळं केवढं यात. कुणाला तिथे विस्मय दिसेल, कुणाला एकटेपण. कुणा तारापूरच्या मच्छीमाराला कदाचित आजच्या समुद्राचा अंदाज दिसेल. एकच अर्थ बरोबर असं नाही. मात्र ‘छान नक्षी’ हा अर्थ चुकीचा आहे, हे ठामपणे सांगायला हरकत नसावी.

चेहऱ्याशिवाय भावना कळते हे पटायला कुणाला प्रयोगशाळा हवी असेल तर तीही आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक छोटी चित्रफीत केली. तिच्यात पात्रं तीन: दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ. ती एका चौकोनाभोवती फिरतात, बस्स. काय पाहिलं असं विचारल्यावर बघणाऱ्यांनी भांडण सांगितलं, दांडगाई सांगितली, घाबरून लपणं सांगितलं, प्रेमसुद्धा. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ! गंजाडच्या कुठल्याही सवाशिणीला या निष्कर्षाचं नवल वाटलं नसतं. १९७३ साली स्वीडनच्या गुन्नार योहान्सननं काळोखात सांध्यांवर लावलेले डझनभर ठिपके हलताना दाखवले, आणि लोकांनी क्षणात ओळखलं की माणूस चालतोय. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास तर आपल्या सवयीला थेट टोचतो. टेनिसपटूंनी गुण जिंकल्याक्षणी आणि गमावल्याक्षणी काढलेली छायाचित्रं लोकांना दाखवली. नुसत्या चेहऱ्यावरून त्यांना जिंकला की हरला ते सांगता येईना. नुसत्या देहावरून सहज सांगता आलं. तीव्र क्षणी चेहरा फसवतो आणि अंग खरं बोलतं, असा त्याचा सरळ अर्थ.

एक आक्षेप इथे ऐकू येतो. एकच साचा सगळ्यांना लावला की व्यक्ती हरवते; या चित्रात सगळी माणसं सारखी, मग भावनाही सारख्याच. आक्षेप अगदीच वावगा नाही. बाजारात विकल्या जाणाऱ्या शेकडो चित्रांत तसंच झालंय, कारण तिथे साचा हातानं नव्हे, सवयीनं उतरतो. पण साचा आणि लिपी यांत फरक आहे. मुळाक्षरं सगळ्यांना तीच असतात म्हणून सगळी पत्रं सारखी होत नाहीत.

ही लिपी आजही नवं लिहू शकते याचा एक पुरावा गंजाडमध्येच आहे. २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल आणि गंजाडचे चित्रकार राजेश वांगड यांनी मिळून एक मालिका केली. गिल यांनी या परिसराची कृष्णधवल छायाचित्रं काढली, वांगड यांनी त्यांच्यावर शाईनं रेखाटलं. छायाचित्रात नुसतं माळरान, झाडं, वाट दिसते. वांगड यांच्या रेघांनी त्या रिकाम्या जागेत माणसांची झुंबड उडते: देव, पूर्वज, दुष्काळ, बांधकामं, सगळं एकमेकांवर. कॅमेऱ्याला न दिसलेली माणसं त्या बारक्या त्रिकोणांनी परत आणली. २०१७ साली ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक प्रदर्शनात ती मालिका मांडली गेली. पालघरच्या किती शाळांतल्या मुलांनी ती पाहिली असेल, हा प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

आणि विषयांचा तर या जिल्ह्यात तुटवडाच नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. तिसरा आणि चौथा संच उभे राहिले तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आता बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक येतंय, आणि वाढवणच्या किनाऱ्यावर बंदर. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डोक्यावर गाठोडं घेऊन वळून बघतंय, कुणीतरी जाळं गुंडाळतंय, कुणीतरी नोकरीच्या रांगेत पुढच्याच्या पाठीला चिकटून उभं आहे. हे सगळे देह वारली रेषेच्या हुकमी आवाक्यातले आहेत. पण विकासाच्या भिंतींवर जे चित्र काढून घेतलं जातं ते पुन्हा तेच, गोल धरून नाचणारं. गाव उठवायचं आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या कुंपणावर त्याच माणसांना नाचवायचं, यातला विरोध ठेका देणाऱ्याला जाणवत नाही, कारण त्यानं ती माणसं कधी वाचलेलीच नसतात.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. मानांकन नावाचं संरक्षण करतं. अर्थाचं संरक्षण कचेरीतून होत नाही. तरी काही गोष्टी कचेरीच्याच हातात आहेत आणि त्या फार खर्चाच्याही नाहीत. सरकारी भिंत रंगवायची तर विषय चित्रकारावर सोडावा. नमुन्याचा फोटो पुढे करून ‘असंच काढा’ म्हणू नये. खाली चित्रकाराचं नाव आणि गाव लिहावं. रंग पुरवणाऱ्या कंपनीचं नाव आपण न विसरता लिहितोच. भिंतीच्या चौरस फुटांवर मोबदला मोजणं बंद करावं. आणि मोबदल्याच्या यादीत बायकांची नावं शोधावीत. ज्या सवाशिणींनी ही आकृती घडवली, त्यांच्या लेकीसुना बाजार आल्यावर यादीत इतक्या कमी कशा, हे विचारायला हरकत नाही.

शाळेतली चित्रकला हा आणखी एक दुखरा भाग. ‘वारली’ म्हणजे पानाच्या कडेला काढायची किनार, असं समीकरण मुलांच्या डोक्यात चौथी-पाचवीतच पक्कं होतं. त्याऐवजी चित्रकलेच्या तासाला एका मुलाला समोर उभं करावं आणि सांगावं: तुझी बस आत्ता चुकली. मग: आईनं हाक मारली. मग: दप्तरात ओलं पुस्तक सापडलं. बाकीच्यांनी त्याचं तोंड न काढता फक्त दोन त्रिकोण, एक गोल आणि चार काड्या एवढ्यावर ते टिपावं. मग एकमेकांच्या वह्या बघून कुठलं चित्र कुठल्या प्रसंगाचं ते ओळखावं. पालघर-बोईसरच्या कुठल्याही वर्गात हा तास उद्या घेता येईल. त्याला वही आणि पेन्सिल याशिवाय काही लागत नाही.

सरावाला जागाही जवळच आहे. एप्रिल २०१३ पासून विरारपुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावते. रात्रीच्या गाडीनं बोईसरला उतरणाऱ्यांचे चेहरे फलाटाच्या उजेडात धड दिसत नाहीत. दिसतात ती नुसती शरीरं. दुसऱ्या पाळीचा कामगार डबा एका हातात लटकवून चालतोय, वरचा त्रिकोण जरा उजवीकडे ढळलेला. मासळी विकून निघालेली बाई रिकामी पाटी कमरेवर टेकवून पुलाच्या पायरीशी क्षणभर थांबलीय, पुढचा पाय उचललेला, मागचा अजून जमिनीवर. तिच्या मागून एक पोरगा तीन तीन पायऱ्या चढत वर निघून गेला. पुलाखालच्या भिंतीवर तारपा नाच चालू आहे.